धोंडीगावचा नकाशा

कडुबा,

परवा वाघूरच्या काठावर तुझ्या दहाव्याला कावळ्यानं अजिबात वेळ लावला नाही. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरली नाहीत तोच तो उतरला, भाताला चोच लावली आणि गेला. "लई समाधानी माणूस. काय बी मागं राहिलं नाय त्याचं," तुझा चुलतभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मी गुडघे धरून एका दगडावर बसले होते आणि मला त्या कावळ्याचा चक्क राग आला. तुझं राहिलं होतं. काय राहिलं होतं ते त्या काठावर तिघांना माहीत होतं: गर्दीच्या पलीकडं उभ्या असलेल्या अशोकला आणि हमीदला, ज्यांच्याजवळ जायचं धाडस मला झालं नाही, आणि मला. आणि ते जिच्यामुळं राहिलं ती मीच होते.

मी दमले आहे रे. फर्दापूरपर्यंत एस.टी.नं जायचं, यायचं, त्यानं आलेला शीण दोन दिवसांत उतरतो. हा तसला नाही. एकच गोष्ट तीस वर्षांहून जास्त मनात धरून ठेवली की हात भरून येतात, तसं झालंय. तू गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही, नुसती पलंगावर बसून राहिले. भावजय म्हणाली, "कोण होते हे कडुबा? कारखान्यातले का?" मी म्हटलं, हो. तुझ्याबद्दल घरी सांगितलेलं ते एवढंच. आमच्या घरात आजही कुणाला ठाऊक नाही की मी सात वर्षं दर शुक्रवारी दुपारी शहागंजच्या मागच्या गल्लीत, एका बाइंडरच्या दुकानात बसून उडत्या अजगरांशी लढत होते. त्यांना मी टायपिंगच्या क्लासला जाते असं वाटायचं. सात वर्षं टायपिंग शिकणारी मुलगी किती मठ्ठ असेल, हा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीशी आलास ते? चिकलठाण्याचा आपला कारखाना तेव्हा नवा होता, वाळूजला रोज एक शेड उभं राहत होतं, आणि जो तो घाईत असायचा. तू टूलरूममधला, मी ट्रेसर, साहेबांची पेन्सिलीची ड्रॉइंगं पारदर्शक ट्रेसिंगवर शाईनं उतरवणारी. तुला नेहमी ॲमोनियाचा वास मारणारी निळी प्रिंट हवी असायची. त्या दिवशी तू वहीचा चुरगळलेला कागद पुढं केलास. "एक खासगी काम हाय बाई. ह्या गुहेचा नकाशा जरा नीट काढून देता का?"

मी बघितला आणि म्हटलं, "या गुहेत हवा यायला वाट कुठंय? आतली माणसं गुदमरून मरतील."

तू असा काही बघितलास माझ्याकडं! मग हसलास. "सहा महिने झाले खेळतोय, एकाच्या बी ध्यानात आलं नाय." आणि मला शुक्रवारी यायचं आवताण दिलंस. शुक्रवारी वसाहतीला सुट्टी, आणि बाइंडर हमीदमियाँचं दुकान जुम्म्याच्या नमाजनंतर बंद. त्यामुळं शुक्रवार.

खेळ कसला ते मला पहिल्या दिवशी कळलंच नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात आपापलं एक माणूस घेऊन शिरायचं आणि "मी आता अमुक करते" असं म्हणायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. तुझा मामा फर्दापूरच्या विश्रामगृहात खानसामा होता. लेणी बघायला आलेलं कुणी गोरं जोडपं तिथं एक पुस्तक विसरून गेलं, ते या खेळाच्या नियमांचं. आयटीआयमध्ये असताना तू डिक्शनरी घेऊन ते एक एक ओळ लावलंस आणि त्यातलं निम्मं फेकून दिलंस. किल्ल्यांच्या जागी तू देवगिरीचा अंधारी मार्ग घातलास, बर्फाच्या जागी दुष्काळ, आणि लांडगे मात्र तसेच ठेवलेस, कारण लांडगे तुला घरचे. तुझ्या बापानं जन्मभर मेंढरं वळली होती. तुझ्या खेळातला लांडगा कधीच उगाच यायचा नाही. आधी कुत्री गप्प व्हायची.

आणि तो वीस बाजूंचा फासा! पुस्तकात चित्र होतं, बाजारात मिळायचा प्रश्नच नव्हता. तू टूलरूममध्ये पितळेच्या तुकड्यातून घडवलास, जेवणाच्या सुट्टीत, तीन आठवडे. अशोक आपल्याच कारखान्यात क्वालिटीला. त्यानं तो शंभर वेळा टाकून बघितला, कागदावर आकडे मांडले, आणि गंभीर चेहऱ्यानं त्याला रिजेक्टची लाल चिठ्ठी लावली. "सात लई येतो." तू चिडलास, दोन दिवस बोलला नाहीस, आणि मग दुसरा केलास. तो पास झाला. अशोकनं पास केलेली वस्तू परत कधी तपासायला लागायची नाही.

अशोक लोहार झाला होता, घणानं लढणारा. हमीद हकीम, मंतर फुंकणारा. मी वाटाडी, कुठल्याही काळोखात वाट दिसणारी. नकाशा मी काढायचे, कारखान्यातूनच आणलेल्या उरल्यासुरल्या ट्रेसिंगवर, काळ्या शाईनं, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून: गावाचं नाव, माप, काढणार, तपासणार. 'तपासणार'समोर तू सही करायचास. डावावर सगळे एकमेकांना 'तू', हा तुझा दंडक. मला तू 'बाई' म्हणायचंही सोडलं नाहीस. "बाई, तू आता काय करती?" असलं काहीतरी विचित्र. सोमवारी खिडकीशी परत 'तुम्ही'.

तुझा आणखी एक नियम होता, आणि हे सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. एकदा हमीद मेहुणीच्या लग्नाला गेला होता. अशोकनं त्याच्या हकिमाला पुढं घातलं, अजगराचं लक्ष वेधायला, आणि हकीम गेला. हमीद परत आला तर मयत. तीन आठवडे तो आपल्याशी तोंड फिरवून होता. "मेरे पीछे मेरे आदमी कू मार डाले तुम लोगाँ," एवढंच. मग तू त्याला नवा हकीम दिलास आणि ठरवलंस: जो गैरहजर, त्याचं माणूस निजलेलं. त्याला कुणी हलवायचं नाही, त्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. तो येईल तेव्हा उठेल. "आमच्या आबाचा नियम हाय," तू म्हणालास. "निजलेल्या माणसाचा कळप दुसऱ्यानं हाकायचा नसतो." हमीदनं त्यासाठी एक रजिस्टर बांधून दिलं, कापडी पाठीचं, आणि तू त्यात हजेरी आणि त्या दिवसाचा डाव मांडायला लागलास.

सात वर्षांत आपली माणसं डावागणिक बळ वाढत अठराव्या पायरीवर पोचली. पहिल्या पायरीवर साध्या लांडग्यानं मरणारी ही माणसं, आता अजगर त्यांना बघून वाट बदलायचे. तुला कंटाळा आला. "तुमच्याशी लढाया आता कायच उरलं नाय," असं म्हणून तू तो शेवटचा डाव मांडलास. सपनाचा मुलूख. तिथं घण चालत नव्हता, मंतर चालत नव्हता, पायऱ्यांचा उपयोग नव्हता. जे बोलाल तेच फक्त खरं व्हायचं. त्या मुलखाच्या मध्यावर एक गाव होतं, आणि ते अख्खं गाव झोपलेलं. चुलीवर भाकरी तशीच, पाळण्याची दोरी हातात तशीच. वेशीच्या दगडावर राजाचं नाव: चंद्रनगर. मी ते नकाशाच्या चौकटीत इतकं सुरेख लिहिलं होतं की तू हातात धरून दोनदा बघितलंस.

चार महिने आपण त्या गावात हिंडत होतो. एवढा दमवणारा आणि एवढा सुंदर डाव मी परत पाहिला नाही. घराघरांत शिरायचो आणि झोपलेल्या माणसांच्या आतलं बघायचो. मग हळूहळू उलगडत गेलं की सपान राजाचं नाहीच. ते धोंडीचं आहे. धोंडी म्हणजे गावाची विहीर ज्यानं एकट्यानं खणली तो. पाणी लागलं त्या दिवशी त्याला विहिरीच्या काठावरून उठवलं होतं. तो तहानलेला वेशीबाहेर जाऊन निजला, आणि त्याच्या झोपेत सगळं गाव ओढलं गेलं.

बाहेर तेव्हा काय चाललं होतं ते तुला मी सांगायला नको. विद्यापीठाच्या नामांतराचं भांडण आपण शाळा-कॉलेजात असल्यापासूनचं, आणि त्या वर्षी ते परत पेटलं होतं. मोर्चे, बंद, रस्त्यावर पोलीस, भिंतींवर घोषणा आणि त्यावर दुसऱ्या रंगात दुसऱ्या घोषणा. आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरात जेवताना तोच विषय. वडील निजामाच्या वेळेपासून महसुलात कारकून, निवृत्त झालेले. भाऊ विरोधी मोर्चात जायचा. ते दोघं बोलायचे आणि मी पोळ्या वाढायचे. मला कुणी विचारलं नाही, तुझं मत काय. मला तरी ते होतं का, कोण जाणे.

आणि त्या शुक्रवारी तू वेशीपाशी आणून उभं केलंस.

"म्हातारा डोळे उघडतो," तू म्हणालास. "तुमच्याकडं बघतो. म्हणतो, माझ्या गावाचं नाव काय? तिघांनी एका आवाजात सांगायचं. सांगितलं तर गाव जागं व्हईल."

"धोंडीगाव," अशोक लगेच म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

"हौ, वोच. धोंडीगाव," हमीद म्हणाला.

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते, आता सांगायला लाज वाटण्याइतकी ताकदही नाही. मला धोंडीशी काही वैर नव्हतं. माझ्या एका शब्दावर तीन पुरुष आणि एक अख्खं गाव थांबलं होतं. माझ्या आयुष्यात माझ्या 'नाही'ला किंमत आलेली ती पहिली वेळ, आणि मला ते आवडलं. मग त्या 'नाही'ला कारणं शोधावी लागली, आणि ती घरी जेवताना ऐकलेली तयार होती.

"गावाला नाव आहे की. ते बदलायचं कशाला?" मी म्हटलं. "विहिरीला देऊ ना त्याचं नाव."

अशोक माझ्याकडं बघत राहिला. "त्या विहिरीचं पानी त्याला पिऊ दिलं नाय. आता विहिरीलाच त्याचं नाव देती?"

"आणि एकदा नकाशावर चढलेलं नाव बदलत नाहीत," मी म्हटलं. ते मी ट्रेसर म्हणून म्हटलं, अगदी ठणकावून.

तू हसलास. भांडण मिटवायलाच हसला असशील. "काय बाई, रोज ब्लेडनं खरवडून नावं बदलती की तू. कालच माझ्या फिक्श्चरचं बदललं." सगळा कारखाना जाणत होता. अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, नवं लिहायचं, वर रिव्हिजनच्या रकान्यात काय बदललं त्याची एक ओळ टाकायची, यातच माझा दिवस जायचा. मी उघडी पडले आणि मग जे बोलायला नको ते बोलले. "तू मुद्दाम केलंस हे. बाहेरची घाण खेळात कशाला आणतोस? इथं तरी सुखानं बसू दे ना."

अशोक उठला. पितळेचा फासा त्यानं टेबलाच्या मधोमध ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. चपला घातल्या आणि गेला.

त्यानंतर तू जे सांगितलंस ते मला त्याआधीच माहीत असायला हवं होतं. नामांतराच्या पहिल्या दंगलीत अशोकच्या आजीचं घर जाळलं होतं, गावाकडं. म्हातारीच्या हाती फक्त दगडी जातं लागलं, कारण ते जळत नाही. मी सात वर्षं त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती. त्याला आजी आहे का हेदेखील कधी विचारलं नव्हतं.

"मी मुद्दाम केलं नाय," तू म्हणालास. "सपान हाय बाई. दिवसा जे बघितलं तेच त्यात येनार." मग अशोकनं ठेवलेला फासा उचललास. "आन् तू म्हणती तसा नुसता खेळच होता, तर व्हय म्हणायला तुझं काय जात व्हतं?"

मी नकाशा तसाच टाकून घरी आले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर सापडलं, पण मी ते इतके दिवस दाबून धरलं की बाहेर काढायचं कसं हेच विसरले.

पुढच्या शुक्रवारी अशोक आला होता, हे मला हमीदकडून कळलं. नेहमीच्या वेळेला आला, चटणीचा डबा उघडला, म्हणाला, "बाई कुठंय?" ज्याचा अपमान झाला तो आला, आणि जिनं केला ती घरात लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसली होती. एकदा चुकवला तो शुक्रवार, मग दुसरा सोपा गेला.

त्या संक्रांतीला नामांतराचा निकाल लागला. तू खिडकीशी आलास, प्रिंट घ्यायला, आणि कागदात बांधलेला तिळगूळ माझ्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवलास. "आता तरी येता का, बाई?" एवढंच विचारलंस. सोमवारचा 'तुम्ही' आता तुझ्या तोंडी आठवडाभरचा झाला होता. आणि मी, कडुबा, काय म्हणाले असेन? "आता काय उरलंय? झालं ना तुमच्या मनासारखं." तू प्रिंटची गुंडाळी काखेत घातलीस आणि गेलास. तिळगूळ मी खाल्ला. गोड लागला, त्याचाही राग आला.

नंतरची वर्षं कशी गेली ती सांगण्यासारखी नाहीत. कारखाना वाढला, मग विकला गेला, ट्रेसरचं काम कॉम्प्युटरनं संपवलं आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. आई-वडील गेले. शहराचंसुद्धा नाव बदललं. बँकेच्या फॉर्मवर मी नवं नाव लिहिते आणि हात कुठं अडखळत नाही. कोणत्या नावावर कुणाशी वाद घालायचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. एका सपनातल्या गावासाठी मात्र तेव्हा किती अडून बसले होते!

मागच्या दिवाळीनंतर तू भाजी मंडईत भेटलास. काठी घेऊन चालत होतास. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, तुझ्या साखरेची मी केली. मेथीची जुडी पिशवीत कोंबत तू म्हणालास, "तुमचं माणूस अजून निजलंय बरं का, बाई. एका कुशीवर. हाताला मुंग्या आल्या असतील तिच्या."

मला हसू आलं. इतक्या वर्षांनी तू ते चेष्टेत काढलंस याचं मला इतकं बरं वाटलं की मी लगेच म्हटलं, "येते एखाद्या शुक्रवारी."

"या," तू म्हणालास. "आम्ही हाव तिथंच."

थंडी होती, मग भाचीचं लग्न, मग उन्हाळा. हमीदचं दुकान माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं आहे. तू सोमवारी गेलास.

दहाव्याला पानं उठल्यावर तुझ्या बायकोनं, कौशावहिनींनी, मला आत बोलावलं. देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदीकुंकू लावलेला तो वीस बाजूंचा फासा होता. "हे कंचं देव हाय, बाई?" त्यांनी विचारलं. "आजारपणात गावाकडं आल्यापासून मुठीत घेऊन निजायचे. मी आपलं पुजायला घेतलं." काय सांगणार? मी म्हटलं, पुजा, चांगलं आहे. मग त्यांनी पत्र्याची एक नळी आणि तीन रजिस्टरं माझ्या पुढ्यात ठेवली. "हे तुमचं हाय म्हणायचे. तुम्ही आल्या की द्या म्हणायचे."

रजिस्टरं मी एस.टी.त उघडली. उघडायला नको होती. दर शुक्रवार, तुझ्या त्या ठोकळ्यासारख्या अक्षरात. अशोक, हजर. हमीद, हजर. ट्रेसरबाई, गैरहजर. निजलेली. कुणी हलवायचं नाय. पान उलटलं की पुन्हा तेच. पुन्हा तेच. शाई निळी, मग काळी, मग हिरवी, मग हात थरथरायला लागलेला. सिल्लोडपर्यंत मी वाचत आले आणि मग डोळे इतके भरले की शेजारची बाई म्हणाली, "मावशी, खिडकी लावू का, धूळ लई येती."

आणि आज शुक्रवार. मी गेले, कडुबा. हमीदच्या दुकानात.

तो नमाजहून आला तर मी पायरीवर बसलेली. जवळून बघितला तर म्हातारा झालाय, दाढी पांढरी, पण हाताला सरसाचा वास तोच. "बाजी," मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला आणि खिशातून किल्ली काढली. "हर जुम्मे कू पूछते थे वो. आज आती क्या करके." कुलूप उघडलं. म्हणाला, "एक बार मैं बोला, भाई, बाजी के आदमी की तरफ से तुमीच हौ बोल देव, गाँव जाग जाता. इत्ता गुस्सा हुए मेरे पे! बोले, वो सोई है तो क्या, आदमी उसका है."

एक वाक्य होतं रे. तू माझ्या वाटाडीच्या तोंडी 'हो' घातलं असतंस तर कुणाला कळणारही नव्हतं. तुम्ही तिघं वेशीवर बसून राहिलात, गाव झोपलेलं, भाकरी तव्यावर, आणि कुणी मला हलवलं नाहीत. माझ्या सख्ख्या माणसांनी माझ्या वतीनं आयुष्यभर निर्णय घेतले. तू घेतला नाहीस. त्यासाठी तुझे पाय धरावेत की तुझ्याशी भांडावं, हे मला अजून ठरवता येत नाही.

अशोक बिडकीनहून आला, मुलाच्या गाडीवरून. मला बघून दारातच थांबला. मी पुष्कळ वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. "अशोक, माझं चुकलं," मी म्हटलं. "त्या दिवशीही आणि नंतरच्या प्रत्येक शुक्रवारी."

तो बसला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "आजीचं जातं अजून हाय आमच्या घरी," तो म्हणाला. "सून त्याच्यावर डाळ भरडती." हमीदनं चहा ओतला. अशोकनं पेला हातात धरला आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं हनुवटीनं खूण केली. "बस आता. तुझी पाळी हाय."

नळीतून नकाशा काढला. ट्रेसिंग पिवळं पडलंय, कडा तुटायला आल्यात, पण रेघ एक पुसट झालेली नाही. कोपऱ्यात चंद्रनगर, माझ्या तिशीच्या हातचं. तू त्याला बोट लावलं नव्हतंस. पण वर रिव्हिजनच्या रकान्यात तुझ्या अक्षरात एक ओळ होती, 'गावाचं नाव बदललं', आणि पुढं तुझी सही. तारीख त्याच शुक्रवारची, मी निघून आले त्या. तू त्याच दिवशी तपासून, सही करून मोकळा झाला होतास. बाकी काम ट्रेसरचं, म्हणून ठेवून दिलंस.

तुझ्या जागी कुणी बसलं नाही. अशोकनं पहिलं रजिस्टर उघडलं, तुझी त्या दिवसाची नोंद शोधली आणि तुझ्याच बोलीत वाचली. "म्हातारा डोळे उघडतो. म्हणतो, माझ्या गावाचं नाव काय?"

तीन म्हातारी माणसं एका आवाजात म्हणाली, "धोंडीगाव." आवाज काही एक झाला नाही, हमीद जरा मागं राहिला. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना.

पर्समधून अर्धं ब्लेड काढलं. कालच आणून ठेवलं होतं. जुनं नाव खरवडलं, नखानं घोटलं, आणि हमीदच्या टाकानं लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. नकाशा उजेडात धरला की खालचं जुनं नाव अंधुक दिसतंच, ट्रेसिंगचं ते असंच असतं. तू असतास तर म्हणाला असतास, चालतंय बाई, काम झाल्याशी मतलब.

मग हमीदनं तिसरं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. म्हणाला, आजची हजेरी तू मांड. मी लिहिलं, तुझ्या ओळीखाली ओळ धरून. अशोक, हजर. हमीद, हजर. ट्रेसरबाई, हजर.

चौथी ओळ लिहायला फार वेळ लागला. ते दोघं थांबले होते, कुणी घाई केली नाही.

कडुबा, गैरहजर. निजलेला. कुणी हलवायचं नाय.